चौथा पावसाळा

नवा फोन चांगलाच असतो. खोक्याचं झाकण आत हवा हळूहळू शिरते तसं सावकाश वर येतं, काळ्या काचेचा तो आयत समोर दिसतो, पडद्यावरची पारदर्शक पट्टी एका कोपऱ्यातून सोलताना बारीकसा आवाज होतो. मला हे क्षण मनापासून आवडतात. मोबाइल नावाच्या वस्तूवर माझं प्रेम आहे आणि ते लपवावं असं मला कधी वाटलं नाही. नात्यात कुणालाही फोन घ्यायचा असला की आधी मला विचारलं जातं, "अगं, हा घेऊ का तो?" कुठली चिप चांगली, कुठला कॅमेरा उगाच मोठे आकडे मिरवतो, कुठला टॅब्लेट म्हाताऱ्या डोळ्यांना बरा, हे सगळं मला सांगता येतं आणि सांगायला आवडतंही. पण अलीकडे उत्तर देण्याआधी मी एकाच गोष्टीचा विचार करते. हा फोन चौथ्या पावसाळ्यात कसा असेल?

पहिल्या पावसाळ्यात आपण फोनला जपतो. ताम्हिणी घाटात गाडी थांबवून खाली उतरलो तरी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये आणि पर्स रेनकोटच्या आत. दुसऱ्या वर्षी पिशवी सुटते. तिसऱ्या वर्षी भाजीवाल्याचा क्यूआर कोड छत्री मानेत धरून ओल्या हातानेच स्कॅन होतो. पडद्यावर थेंब पडतात, आणि फोन थेंबालाच बोट समजून भलतंच काही उघडतो. बोट टेकल्यावर पडद्याच्या विद्युतक्षेत्रात जो बदल होतो तसाच बदल पाणीही घडवतं, म्हणून त्याची ही फसगत होते. चौथा पावसाळा येतो तेव्हा कडेचा रंग उडालेला असतो, पारदर्शक कव्हर पिवळं पडलेलं असतं, चार्जरची पिन जरा तिरकी धरावी लागते.

आणि नेमका तेव्हाच तो फोन आपला झालेला असतो. खोक्यातून निघाला तेव्हा त्यात आपलं काही नव्हतं. आता त्यात गेलेल्या माणसाचा आवाज आहे, एखाद्या साध्याशा निरोपात अडकून राहिलेला: "पोचलीस की फोन कर." हॉस्पिटलच्या बाहेर बसून टिपलेले औषधांचे हिशेब आहेत. मध्यरात्री मैत्रिणीला लिहून न पाठवलेला मजकूर आहे. अंगठ्याला त्याच्या कडा पाठ झाल्या आहेत. अंधारात उशाशी चाचपडलं तरी आवाजाचं बटण बरोबर सापडतं. हे सगळं दुसऱ्या फोनमध्ये उतरवता येतं, मला ठाऊक आहे. पण वस्तू हाताच्या सवयीची व्हायला काळ जावा लागतो, आणि तो काळ भरत आला की बाजार सांगतो, हा जुना झाला, नवा घ्या. माझं भांडण आहे ते इथे.

कारण हा फोन खरं तर म्हातारा झालेला नसतो. त्याचा पडदाच पाहा. आजच्या फोनचा ओएलईडी पडदा ही माझ्या मते आपल्या काळात घडलेली अत्यंत सुंदर वस्तू आहे. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो, आणि काळा रंग दाखवायचा म्हणजे तो ठिपका विझून जातो. रात्री खोलीतला दिवा मालवून एखादा जुना कृष्णधवल चित्रपट लावावा; चित्रातला काळोख आणि खोलीतला काळोख एकमेकांत मिसळतात, पडद्याची कड दिसेनाशी होते, आणि अंधारात फक्त एक चेहरा उजळलेला राहतो. सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा पडदा आला, तेव्हा कागदावर तो नुसता आकडा वाटला होता. मग त्यावर मराठी वाचलं. मजकूर वर सरकवताना शिरोरेषा थरथरत नाही, वेलांटी धूसर होत नाही, ओळ अख्खीच्या अख्खी वर जाते. पूर्वीच्या 60 वर परत जायला डोळे तयार होत नाहीत. त्यापुढच्या आकड्यांची मला हाव नाही. फोनच्या पडद्याला जे गाठायचं होतं ते त्याने गाठलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिपचंही तेच. चार वर्षांपूर्वीची बरी चिप आजही नकाशा दाखवते, पैसे पाठवते, फोटो काढते. काच न फुटता टिकली तर तिला वयाचं काही वाटत नाही. थकते ती बॅटरी.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने 1991 मध्ये बाजारात आणली. जिच्यावर आपला सगळा मोबाइल संसार उभा आहे त्या या शोधासाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल आजवर कुणालाच मिळालेलं नाही. या बॅटरीत लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात आणि चार्ज करताना परत येतात. प्रत्येक खेपेला त्यातले थोडे ग्रॅफाइटवर साचत जाणाऱ्या पातळ थरात कायमचे अडकतात. उन्हात हे अडकणं वाढतं. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर, चार्जरला लावून, नकाशा चालू ठेवलेला फोन दर मिनिटाला थोडा थोडा म्हातारा होत असतो. अॅपलने आपल्या फोनच्या बॅटरीबद्दल अनेक वर्षं सांगितलं की 500 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता 80 टक्के उरेल. आयफोन 15 पासून हा आकडा 1000 झाला. ही प्रगती खरी आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण 500 असो वा 1000, फोनमधला कुठला भाग आधी थकणार हे कारखान्यातून निघतानाच माहीत असतं. मग तोच भाग गोंदाने चिकटवून काचेआड का बंद करायचा?

नोकियाची बीएल-5सी बॅटरी ज्यांनी हाताळली आहे त्यांना या प्रश्नामागचं दुःख कळेल. काडेपेटीएवढी ती बॅटरी 2003 च्या नोकिया 1100 मध्ये होती, म्हणजे टॉर्चवाल्या त्या फोनमध्ये, ज्याच्या 25 कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या. तीच बॅटरी त्या काळच्या महागड्या 6600 मध्येही होती. एकाची दुसऱ्याला चालायची. नखाने झाकण उघडायचं, जुनी काढायची, नवी बसवायची. ते फोन गेले, पण ती बॅटरी अजून विकली जाते. देवघरात वाजणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये, शेताच्या बांधावरच्या एफएम रेडिओत ती आजही सापडते. एका वस्तूचं आयुष्य संपल्यावर तिचा भाग दुसऱ्या वस्तूत जगत राहावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

यावर हमखास मिळणारं उत्तर असं, की फोन पाण्यापासून वाचवायचा तर तो चिकटवून बंद करावाच लागतो. पावसाच्या मुलखात राहणारी मी हे उत्तर हलक्याने घेत नाही. पण 2014 मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस5 चं मागचं झाकण हाताने निघायचं, आतली बॅटरी बदलता यायची, आणि तरीही त्याला आयपी67 ची पाण्याची ग्वाही होती. झाकणाच्या आत रबराची बारीक वळी होती, तिने काम भागायचं. फोनची जाडी होती 8.1 मिलिमीटर, आजचे कित्येक महागडे फोन तेवढे किंवा त्याहून जाड आहेत. म्हणजे ते जमत होतं. शिवाय या ग्वाहीची चाचणी स्वच्छ, साध्या, स्थिर पाण्यात होते. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात चार्जिंगच्या भोकात जी हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते, ती त्या चाचणीत कुठेच नसते. गोंदही वयाबरोबर सैल होतो. चौथ्या पावसाळ्यात आपण ज्या शिक्क्यावर विसंबतो तो पहिल्या दिवशीचा असतो. (आणि भिजलेला फोन कृपा करून तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाचे कण आणि पिठूळ धूळ भोकात जाते. अॅपलनेही तसं न करण्याबद्दल लिहून ठेवलं आहे.)

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीतली फोनदुरुस्तीची दुकानं मी अनेकदा नुसती बघायला जाते. नवं काय आलं हे बघायला मोठ्या दुकानात जावं, आणि काय टिकलं हे बघायला इथे. माणूस जेमतेम बसेल एवढ्या जागेत एक टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, हीट गन, मल्टिमीटर, फ्लक्सची डबी, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून लोहचुंबकाची चटई. तिथला तरुण कारागीर फोन गरम प्लेटवर ठेवतो, काच आणि चौकट यांच्यामधून गिटारची प्लॅस्टिकची नखी सरकवतो, इतक्या हळू की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. खाली एक रिबन केबल असते. नखी दोन मिलिमीटर जास्त आत गेली तर ती तुटते. मग बॅटरीच्या कडेने अल्कोहोलचे थेंब सोडतो, गोंद मऊ पडायची वाट बघतो. घाई केली आणि बॅटरी वाकली तर पेट घेऊ शकते. मान खाली, बोटं स्थिर.

"ताई, बॅटरी बदलणं दहा मिनिटांचं काम आहे," तो मला म्हणाला. "सगळा वेळ उघडण्यात आणि बंद करण्यात जातो." आणि फोन हातात देताना: "आता पाण्यापासून सांभाळा. पहिलं सील गेलं."

ज्याच्या हातात एवढं कसब आहे, त्याचा दिवस गोंद मऊ करण्यात जावा, याचा मला राग येतो. त्याहून मोठा राग येतो तो सुटे भाग फोनला बांधून टाकण्याचा. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांवरचा क्रमांक फोनच्या सॉफ्टवेअरशी जोडलेला असतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग काढून बसवला, तरी फोन कुरकुरतो, इशारे देतो, काही सोयी बंद ठेवतो. हीट गन आणि मायक्रोस्कोप तिथे निरुपयोगी ठरतात. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने 2024 मध्ये कायदा करून ही बांधणी रोखायचं ठरवलं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या फोन आणि टॅब्लेटसाठी नियम लागू झाले: 800 वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता किमान 80 टक्के हवी, विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत, पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायला हवेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. हक्काचा उच्चार झाला. सक्ती अजून यायची आहे.

टॅब्लेटची गोष्ट आणखी हळवी आहे, कारण त्याला दगदग कमी असते. तो घराबाहेर पडत नाही, पावसात भिजत नाही, आणि तरीही आधी निकामी ठरतो. आयपॅड 2 आला 2011 मध्ये आणि आयओएस 9 वर थांबला. काच शाबूत, बॅटरी बरी, आणि एकेक ॲप दार लावून घेतं. माझ्या मावशीकडे एक जुना टॅब्लेट असाच उरला आहे. त्यावर इंटरनेट धड चालत नाही, पण तानपुऱ्याचं ॲप चालतं, त्याला नेट लागत नाही. पहाटे ती तो स्टँडवर ठेवते, काळी चारचा सूर लावते, आणि ज्या यंत्राला त्याच्या कंपनीने सोडून दिलं आहे ते तासभर न चुकता षड्ज धरून बसतं. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, तेव्हा मला मावशीचा टॅब्लेट आठवला होता. गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या दुनियेत आलेली सर्वांत चांगली गोष्ट मी या वचनाला मानते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या करामतींपेक्षाही.

घडीच्या फोनबद्दलही विचारतात. उघडणारा तो पडदा बघताना मी हरखून जाते. पण सॅमसंगच्या झेड फोल्ड 3 च्या आयपीएक्स8 या शिक्क्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणीच दिलेली नाही, आणि झेड फोल्ड 6 चा आयपी48 सुद्धा एक मिलिमीटरहून मोठ्या कणांपुरताच. आपल्या रस्त्यांवरची धूळ त्याहून कितीतरी बारीक असते. ज्याच्या बिजागरीला ती सोसेल तोच मी घ्या म्हणेन.

बाकी माझी विनंती एवढीच. यंदा दसऱ्याला फोन घ्यायला गेलात, तर कॅमेरा डोळे भरून पाहा, पडदा बोटाने सरकवून त्याचा आनंद घ्या, आणि मग विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. बॅटरी बदलायला किती पैसे आणि किती वेळ लागतो? सुटे भाग किती वर्षं मिळतील? अपडेट कुठल्या सालापर्यंत येतील? त्याला ठाऊक नसेल तर कंपनीला विचारून सांगायला सांगा. मिळालेली उत्तरं तारखेसह पावतीच्या मागे लिहून घ्या, आणि ती पावती जपून ठेवा.