मुंबईत दोन दिवस आणि एक थाटाचे जेवण

सोयाबीन बाजारात गेले, हरभरा आणि ज्वारीची पेरणी उरकली, तूर अजून शेंगेत भरते आहे, असे पंधरा-वीस दिवस आपल्या परभणी जिल्ह्यात बहुतेक वर्षी सापडतात. पूर्वी या दिवसांत माणसे पंढरपूर नाही तर तुळजापूर करीत. आता त्यांत मुंबईची भर पडली आहे. देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसला परभणीला बसावे आणि उजाडता दादरला उतरावे. पोरांना समुद्र दाखवायचा, गेटवे दाखवायचे, म्हातारीला सिद्धिविनायक आणि मुंबादेवी घडवायची. उतरायचे कुठे याची सोय कोणी भाचा-पुतण्या करतो. घोडे अडते ते जेवणापाशी.

कृषी विस्ताराच्या नोकरीत गावोगाव फिरताना मला बोंडअळीइतकाच हा प्रश्न विचारला गेला आहे. "साहेब, तिकडं एखाद्या मोठ्या हॉटेलात एकदा तरी जेवावं म्हणतो. पण आपल्याला आत घेतील का?" या प्रश्नात पैशापेक्षा संकोच जास्त असतो. द्राक्षबागेच्या औषधावर एका हंगामात लाख रुपये घालणारा माणूस काचेच्या दारापाशी जाऊन परत फिरतो आणि कोपऱ्यावर वडापाव खातो. वडापाव उत्तमच, पण जायचे मनात असूनही तो दारातून परतला, हे मला खटकते.

म्हणून आधी दाराचे सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तिथे कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. ज्या गावांनी चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी पाहिली, त्यांना या ओळीचे मोल समजावून सांगायला नको. पोशाखाचे मात्र काही हॉटेलांचे स्वतःचे नियम असतात. २०२१ साली दिल्लीत एका हॉटेलने साडी नेसलेल्या बाईंना दारात अडवल्याची तक्रार देशभर गाजली होती. तेव्हा आधी फोन करून सरळ विचारावे: "घरात नऊवारी आणि धोतर आहे, चालेल ना?" बहुतेक ठिकाणी चालते. जिथे चालत नाही ते हॉटेल आपल्या यादीतून आपणच काढावे.

आता निवड कशी करावी? माझा आग्रह असा की पाकीट ज्याच्या खिशात आहे त्याने ती करू नये. घरात जी बाई रोज दोन वेळा चूल पेटवते, तिने करावी. आपल्याकडे कारभारीण सगळ्यांना वाढून मागून जेवते. भाकरी गरम असते ती इतरांच्या ताटात. तिच्या वाट्याला निवलेली येते. वर्षाच्या सातशेतीस जेवणांपैकी एक जेवण तिला कोणीतरी बसवून, विचारून, गरम वाढावे, यासाठी मोठे हॉटेल. ती जर म्हणाली, मला भाजी-भाकरी नको, कधी न पाहिलेले काही खायचे आहे, तर ते खावे. ती म्हणाली, तिखट नसेल तर माझा घास उतरणार नाही, तर तेही ऐकावे. पोरांच्या हातातल्या मोबाइलवर चांदण्या मोजून हॉटेल ठरवले की चांदण्या पोरांच्या आवडीच्या निघतात.

(या चांदण्यांची गंमत सांगतो. हॉटेलांना तारे देण्याचा जगातला सर्वांत नावाजलेला मान मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीचा. १९०० साली तिने वाहनवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजतील, हा हिशेब. तारे द्यायला १९२६ पासून सुरुवात झाली. तीच कंपनी ट्रॅक्टरचेही टायर करते.)

दोन दिवसांत चार-पाच जेवणे येतात. ती सगळी थाटाची करायला जाऊ नये. खिसाही फाटतो आणि पोटही. एकच जेवण थाटाचे ठेवावे आणि बाकीची साधी, पण नामांकित जागी करावीत. दादरला उतरताच शिवसेना भवनाजवळचे आस्वाद आहे. १९८६ पासून चाललेले हे मराठी उपाहारगृह मिसळीसाठी प्रसिद्ध आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाजूला असाल तर महात्मा फुले मंडई पाहून मुंबादेवीचे दर्शन घ्यावे आणि काळबादेवीच्या गल्लीतले श्री ठाकर भोजनालय गाठावे. १९४५ सालचे हे गुजराती थाळीचे ठिकाण. वाढपी थांबत नाहीत. नको म्हणायला ताटावर हात आडवा धरावा लागतो. जिना चढून वर जावे लागते, हे गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात ठेवावे. ताडदेवचे स्वाती स्नॅक्स १९६३ पासूनचे. तिथे केळीच्या पानात भाजलेली पातळ पानकी मिळते, ती आपल्याकडच्या सुगरणींनी जरूर पाहावी. घरी करता येण्यासारखी आहे. मात्र तिथे रांगेत उभे राहण्याची तयारी हवी. मांसाहार चालत असेल तर बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया हे १९२३ सालचे इराणी हॉटेल आहे. इराणी बोरांसारख्या आंबट फळांचा पुलाव हे त्याचे वैशिष्ट्य. ते दुपारीच उघडे असते. रात्री गेलात तर कुलूप दिसेल.

आता थाटाचे जेवण. यात दोन प्रकार असतात आणि ते कळले नाहीत तर पंचाईत होते. पहिल्या प्रकारात मेनूकार्डावरून हवे ते मागवायचे. दुसऱ्यात स्वयंपाकी ठरवील ते आठ-दहा पदार्थ एकामागून एक, एवढ्या-एवढ्याशा वाटणीत येतात आणि पैसे माणशी ठरलेले असतात. महालक्ष्मी भागातले मास्क हे दुसऱ्या प्रकारातले. २०१६ साली सुरू झाले आणि आशियातल्या उत्तम पन्नास हॉटेलांच्या यादीत त्याचे नाव आले. नवखेपणी कुटुंबकबिला घेऊन या दुसऱ्या प्रकारात शिरू नये असे माझे मत आहे. खर्च हजारांत, वेळ दोन-अडीच तास, आणि लहान मूल तिसऱ्या पदार्थालाच पेंगते. नवरा-बायको दोघेच असाल, हौस असेल, तर जरूर जावे.

पहिल्या प्रकारातले लोअर परळच्या कमला मिल आवारातले द बॉम्बे कँटीन मला आपल्या लोकांसाठी जवळचे वाटते. २०१५ साली सुरू झालेल्या या हॉटेलाने देशातल्या गावोगावच्या जिनसा घेऊन नवे पदार्थ करण्याची वाट धरली. आपण पिकवतो त्याचे शहरात काय होते, हे अशा ठिकाणी दिसते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्यानंतर तर ज्वारी-बाजरीला मोठ्या हॉटेलांच्या कार्डावर चांगलीच जागा मिळाली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोतीसारखे टपोऱ्या दाण्याचे रब्बी ज्वारीचे वाण दिले. घरोघरी त्याच्या भाकरी होतात. कार्डावर भाकरीपुढचा आकडा वाचून हसू नका. तो आकडा वहीत उतरवून आणा आणि मोंढ्यातल्या क्विंटलच्या भावाशेजारी मांडा. मधले अंतर कोण खाते याची चर्चा पारावर करण्याजोगी आहे. ताटात मात्र त्या दिवशी दुसरे काही मागवा.

ताजमहाल हॉटेल हे नाव प्रत्येकाच्या तोंडी असते. जमशेटजी टाटांनी बांधलेले हे हॉटेल १९०३ साली उघडले, म्हणजे १९२४ साली पुऱ्या झालेल्या गेटवेपेक्षा ते वयाने मोठे आहे. तिथे जेवलेच पाहिजे असे नाही. पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, तिथल्या खिडकीतून बंदर पाहत चहा घेता येतो. चहा महागच पडतो, पण चौघांच्या जेवणाच्या मानाने पुष्कळ कमी.

बिलाचे थोडे बोलतो, कारण खरी धास्ती त्याची असते. साध्या स्वतंत्र हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के; तीन हजारांच्या जेवणावर दीडशे रुपये. ताजसारख्या महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या उपाहारगृहात तो १८ टक्के, म्हणजे त्याच जेवणावर पाचशे चाळीस. हा सरकारी कर, तो द्यावाच लागतो. पण 'सर्व्हिस चार्ज' म्हणून जी आणखी रक्कम लावतात ती वेगळी. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ती परस्पर बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. बिलात दिसली तर नम्रपणे काढायला सांगावी. ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वाढणाऱ्या पोराने मायेने वाढले असेल तर त्याच्या हातात आपणहून काही ठेवावे, तो भाग निराळा. पाणी विचारले की "साधे पाणी द्या" म्हणावे, नाही तर बाटली फोडली जाते आणि ती बिलात येते.

माळकरी मंडळींसाठी एक शब्द कामाचा आहे. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर "जैन करून द्या" एवढे म्हणावे. मुंबईत सगळीकडे समजते, फक्त त्यात बटाटाही येत नाही. घरात चमच्याची सवय नसेल तर हाताने जेवावे, कोणी काही म्हणत नाही. शेवटी लिंबाची फोड घातलेले कोमट पाणी आले तर ते बोटे धुवायला असते. एक भाजी किती जणांना पुरते हे मागवण्याआधी विचारावे, आणि उरलेले बांधून मागायला मुळीच लाजू नये. अन्न टाकून उठणे हे शेतकऱ्याला शोभत नाही.

आपली जेवणाची वेळ तिथे फायद्याची ठरते. मुंबईकर रात्री नऊनंतर बाहेर पडतो. आपल्याला साडेसातला भूक लागते आणि त्या वेळी टेबले रिकामी असतात. तरी दोन दिवस आधी फोन करून जागा सांगून ठेवावी. माणसे किती, त्यांत म्हातारे कोणी आहे का, लिफ्ट आहे का, हे त्याच फोनवर बोलून घ्यावे. थाटाचे जेवण पहिल्या रात्रीच ठेवावे. परतीच्या दिवशी सामान, पोरे आणि गाडीची वेळ यांत जीव गुंतलेला असतो. त्या संध्याकाळी दादरला पोळी-भाजी बांधून घ्यावी आणि वेळेवर फलाटावर जाऊन बसावे.