‘फक्त लाकडी गोळे’

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात यूटोपिया पार्कवे नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका साध्या घरात कलावंत जोसेफ कॉर्नेल १९२९ मध्ये राहायला आला, तो १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. सोबत आई आणि सेरेब्रल पाल्सी असलेला धाकटा भाऊ. कलेचे शिक्षण कॉर्नेलने घेतले नव्हते. पोटासाठी तो कापडाच्या धंद्यात विक्रेता होता. रात्री घर झोपले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचे काम सुरू होई. काच लावलेल्या उथळ लाकडी पेट्यांत मातीच्या चिलमी, छोटे पेले, नक्षत्रांचे नकाशे, पक्ष्यांची कात्रणे तो मांडी. आज त्या पेट्या जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

पुढे त्याचे काम तळघरात गेले. तिथल्या फळ्यांवर खोक्यांची चळत होती आणि खोक्यांवर हाताने लिहिलेली नावे: ‘घड्याळाचे भाग’, ‘सुकी रंगद्रव्ये’, ‘फक्त लाकडी गोळे’.

त्यातला ‘फक्त’ मला फार आवडतो. मण्यांच्या डब्यात बटणे, बटणांत टाचण्या, टाचण्यांत तुटकी साखळी अशी सरमिसळ ज्याने उपसली आहे, त्याला या एका शब्दामागचा निश्चय कळेल. एखादी वस्तू कोणत्या पेटीत जाणार हे ठरण्याआधी कॉर्नेल ती जातीनुसार लावून ठेवी. जुन्या पुस्तकांच्या आणि स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून आणलेले सामान कित्येकदा अनेक वर्षे तसेच थांबे. लावणे हाच त्याच्या निर्मितीचा पहिला टप्पा होता, असे माझे मत आहे.

याच्या अगदी उलट चित्रकार फ्रान्सिस बेकन. लंडनमधल्या ७, रीस म्यूज इथल्या त्याच्या खोलीत फाटकी छायाचित्रे, रंगाचे डबे, फाडलेले कॅनव्हास यांचा खच पडलेला असे. दार आणि भिंती हीच पॅलेट. पसाऱ्यातून प्रतिमा सुचतात, असे तो सांगे. त्याच्या मृत्यूनंतर ही खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत हलवली गेली. पुरातत्त्वज्ञांनी वस्तूंच्या जागा नोंदवून सात हजारांहून अधिक वस्तू उचलल्या, आणि २००१ मध्ये तो पसारा तिथे जसाच्या तसा खुला झाला.

आपल्या हवेत मात्र असा पसारा तग धरत नाही. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. बुरशीला साधारण पासष्टच्या पुढची हवा पुरते. जलरंगाच्या कागदाला अनेकदा जिलेटिनची खळ असते आणि बुरशी तीच खाते. वरून कागद स्वच्छ दिसतो. रंगाचा पातळ हात फिरवला की खळ गेलेल्या जागी रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि आकाशावर गडद ठिपके उमटतात. ते पुसता येत नाहीत.

म्हणून कागदाची काळजी सर्वांत आधी. बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण ताव गुंडाळला तर बाक धरतो. तो आडवाच हवा. छोट्या घरात दिवाणाखालची जागा त्यासाठी उत्तम, मात्र जमिनीपासून उंच आणि पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीपासून दूर. साध्या तपकिरी पुठ्ठ्यातले आम्ल कागदाला पिवळे करते, तेव्हा मध्ये आम्लरहित कागद घालावा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. कसर टाळण्यासाठी पोथ्यांत वेखंड ठेवण्याची घरगुती रीत आहे. मीही वेखंडाची पुरचुंडी ठेवतो, कागदाला चिकटू न देता.

ओले ब्रश केस वर करून बरणीत उभे केले तर पाणी पत्र्याच्या नळीत उतरते, आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. आडवे वाळवावेत, मग खुशाल उभे करावेत.

तैलरंगवाल्यांनी एक गोष्ट कधीही सैल सोडू नये. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते आणि त्यात उष्णता तयार होते. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. घर आणि स्टुडिओ एकच असेल तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकूच नये; पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

मणी-टिकल्यांसाठी मिसळणाच्या डब्यासारखा सोयीचा डबा मला अजून सापडलेला नाही: एका नजरेत सात वाट्या. बाकी सगळे पारदर्शक बरण्यांत, आणि चिठ्ठी झाकणावर नको, बरणीच्या अंगावर. झाकणे हमखास बदलतात.

कॉर्नेलच्या मृत्यूनंतर त्याच्या बहीण-मेहुण्यांनी त्याचे सामान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिले. तिथे त्याच्या नावाचे अभ्यासकेंद्र १९७८ मध्ये सुरू झाले. पेट्यांत जायचे राहून गेलेले कच्चे साहित्यही तिथे जपून ठेवले आहे.