टाळूमागची खोबण

वरची दाढ काढताना गालाकडच्या बाजूचं इंजेक्शन बहुतेक जण निमूट सोसतात. आतलं, टाळूतलं दिलं की खुर्चीवरचे पाय ताठ होतात. सुई तीच, औषध तेच, फरक जागेचा. गालाकडे हिरडीच्या वर सैल ऊतक असतं, तिथे औषधाला पसरायला वाव मिळतो. टाळूचं आवरण मात्र हाडाला घट्ट चिकटलेलं. औषधाच्या दोन थेंबांनाही ते हाडापासून उचलूनच जागा करून घ्यावी लागते, आणि ते उचललं जाणं हीच खरी वेदना. म्हणून आधी कापसाच्या काडीने ती जागा दाबून धरायची आणि औषध अगदी सावकाश सोडायचं. घाई करणाऱ्या डॉक्टरला पेशंट वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

*

टाळूची वाटणी सोपी आहे. अक्कलदाढेजवळ, टाळूच्या मागच्या कडेला एक छिद्र असतं. तिथून ग्रेटर पॅलाटाइन नर्व्ह बाहेर पडते आणि हाडाला लागून पुढे सुळ्यापर्यंत जाते. तिच्या मागून निघणाऱ्या लहान शाखा मऊ टाळू आणि टॉन्सिलकडे वळतात. उरला समोरच्या दातांमागचा तुकडा. तो नेझोपॅलाटाइनचा, आणि ही बाई येते थेट नाकातून. नाकाच्या छतावरून मधल्या पडद्यावर उतरते, त्यावरून तिरकी पुढे येते आणि हाडातल्या नळीतून तोंडात शिरते. पुढच्या दोन दातांच्या मागे जिभेला जो छोटा उंचवटा लागतो, त्याच्याखाली.

काही कवट्यांत उजवी आणि डावी नेझोपॅलाटाइन मधोमध, एकामागे एक अशा वेगळ्या छिद्रांतून उतरतात. त्यांना स्कार्पाची छिद्रं म्हणतात. अंतोनिओ स्कार्पा (१७५२–१८३२) इटलीत पाविआला शरीररचना शिकवायचा. त्याचं स्वतःचं डोकं आजही तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. छिद्रं विसरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही डोक्याची गोष्ट बरोबर आठवते.

*

या सगळ्या फांद्या जिथून फुटतात ती जागा म्हणजे वरच्या जबड्याच्या मागची एक अरुंद खोबण. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नर्व्हची दुसरी शाखा, मॅक्सिलरी, कवटीतल्या गोल छिद्रातून या खोबणीत येते. तिच्याखाली टेरिगोपॅलाटाइन गँगलियन नावाची बारीक गाठ लटकलेली असते. योहान फ्रीडरिश मेकेलने १७४८च्या आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ती मेकेलची गाठ.

परीक्षेत हमखास चुकतं ते इथे. टाळूचा आणि नाकाचा स्पर्श व वेदना वाहून नेणारे तंतू या गाठीतून जातात, पण तिथे त्यांचं काही काम नसतं. लहान स्टेशनवरून मेल गाडी न थांबता जाते तसे जातात. थांबतात फक्त पॅरासिम्पथेटिक, म्हणजे ग्रंथींना स्रावाचा हुकूम देणारे तंतू. ते मॅक्सिलरीचे नसतातच. ते येतात सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या नर्व्हकडून, कानाजवळच्या हाडातून वाट काढत. वाटेत त्यांना मानेतल्या मोठ्या धमनीभोवतीचे सिम्पथेटिक तंतू भेटतात आणि दोन्ही मिळून व्हिडियन नर्व्ह तयार होते. नाव सोळाव्या शतकातल्या ग्विदो ग्विदीचं. हा फ्लॉरेन्सचा, फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजाचा वैद्य. मऊ टाळूवरची चवही याच वाटेने उलट दिशेला जाते. चव म्हणजे जीभ, एवढ्यावर थांबणाऱ्यांसाठी ही नोंद.

*

नाक सतत गळतं, औषधांनी थांबत नाही. मग पाणी सोडणारी वायरच कापली तर? गोल्डिंग-वुड या ब्रिटिश सर्जनने १९६१मध्ये व्हिडियन नर्व्ह कापण्याची शस्त्रक्रिया मांडली. नाक कोरडं झालं, पण अनेकांचे डोळेही कोरडे पडले. कारण अश्रुग्रंथीला हुकूम देणारे तंतू याच नर्व्हमधून येतात, याच गाठीत बदलतात आणि मग वर डोळ्याकडे जातात. आता बरेच सर्जन गाठीच्या पुढे, नाकाच्या मागच्या भागात शिरणाऱ्या फांद्याच तेवढ्या कापतात. नकाशा नीट वाचून केलेली शस्त्रक्रिया ही अशी.

क्लस्टर डोकेदुखीत एकाच बाजूचा डोळा लाल होऊन वाहतो आणि त्याच बाजूची नाकपुडी गळते. ती ज्याने पाहिली आहे, त्याला ही गाठ वेगळी पाठ करावी लागत नाही.

*

बर्फाचा गोळा भराभर खाल्ला की कपाळ ठणकतं. थंडी लागते टाळूला. टाळूची खबर पाचव्या नर्व्हच्या दुसऱ्या शाखेतून जाते, कपाळाची पहिल्या शाखेतून. मेंदूच्या बुंध्याशी दोन्ही शेजारी-शेजारी पोचतात आणि गल्लत होते. जीभ टाळूला दाबून ठेवली की उबेने बरं वाटतं.

ठेच्याने नाक वाहतं तेही पाचव्याच्या तक्रारीवरून सातव्याने सोडलेलं पाणी. पुदिन्याच्या अर्काने चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हवेची वाट मात्र होती तेवढीच राहते. त्यातला मेन्थॉल फक्त थंडी ओळखणाऱ्या टोकांना चेतवतो. बाटलीवर हे कोणी छापत नाही.

*

आतापर्यंतचं सगळं संवेदनेचं आणि स्रावाचं. मऊ टाळू हलवण्याचं काम दुसऱ्याच खात्याकडे, दहाव्या नर्व्हकडे. अपवाद एका स्नायूचा, टाळू ताणणाऱ्या टेन्सरचा; तो पाचव्याच्या तिसऱ्या शाखेचा. डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात तेव्हा घशाबरोबर हेही बघता येतं. एक बाजू लुळी असेल तर पडजीभ धडधाकट बाजूकडे ओढली जाते. घटसर्पानंतर टाळू लुळा पडला की मूल गेंगाणं बोलतं आणि प्यायलेलं पाणी नाकातून येतं.

सर्दीत याच्या उलट. म आणि न म्हणताना मऊ टाळू खाली येऊन हवेला नाकाची वाट देतो. नाकच बंद असलं की मामाचा बाबा होतो.

*

शेवटची नर्व्ह टाळूच्या खात्यातली नाही, तरी लिहून ठेवतो. अँटिरिअर एथमॉइडल डोळ्याच्या खोबणीत निघते, कवटीत डोकावते, चाळणीसारख्या हाडाशेजारच्या फटीतून नाकात उतरते आणि शेवटी नाकाच्या शेंड्याच्या त्वचेवर येते. तिची आई, नेझोसिलिअरी, डोळ्याच्या बुबुळालाही तंतू देते. म्हणून नागिणीचे फोड नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला उठले तर डोळाही सापडण्याची शक्यता बरीच वाढते. जोनाथन हचिन्सन या लंडनच्या सर्जनने हे एकोणिसाव्या शतकात टिपलं. कपाळावर नागीण घेऊन आलेल्याचं नाकही बघावं आणि शेंड्यावर फोड दिसला की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडावं. डोळा लाल होण्याची वाट बघू नये.