क्रांजीची शेवटची दौड

सिंगापूर शहरात ‘लिटल इंडिया’ नावाची एक वस्ती आहे. तेथे फुलांचे हार ओवणारे ओवीत असतात, मसाल्यांचा वास रस्त्यावर दरवळत असतो, आणि दुकानांवरील पाट्यांतून तमिळ अक्षरे डोकावत असतात. ह्याच वस्तीत ‘रेसकोर्स रोड’ नावाचा एक लांबट रस्ता आहे. तेथील खानावळींत केळीच्या पानावर भात वाढतात आणि माशाच्या डोक्याचे कालवण मोठ्या चवीने खाल्ले जाते. घोडा मात्र त्या रस्त्यावर औषधालाही सापडत नाही. जवळच्याच एका मोठ्या रुग्णालयाचे जुने नाव ‘कंदांग केरबाउ’ असे होते. मलय भाषेत त्याचा अर्थ म्हशींचा गोठा. म्हशी गेल्या, घोडे गेले. नावे तेवढी मागे राहिली.

ह्या रस्त्याला ज्याच्यावरून नाव मिळाले, ते मैदान सिंगापूरमधील पहिले शर्यतीचे मैदान होय. १८४२ साली घोड्यांची हौस असलेल्या काही युरोपीय रहिवाशांनी तेथे एक मंडळ स्थापन केले, आणि २३ फेब्रुवारी १८४३ रोजी ह्या मैदानावर पहिली शर्यत धावली. बक्षीस होते १५० डॉलर. पुढे हे मैदान ‘फॅरर पार्क’ म्हणून ओळखले जाऊ लागले. शहरात एवढी सपाट, मोकळी जागा दुसरी नसावी; कारण १९११ च्या मार्च महिन्यात सिंगापूरकरांनी पहिले विमान उडताना पाहिले, तेही येथेच. घोड्यांच्या टापांनी तुडवलेल्या गवतावरून ते पतंगासारखे यंत्र वर उठले, तेव्हा बघ्यांनी तोंडात बोटे घातली असतील!

भारतीयांना मात्र ह्या मैदानाची आठवण वेगळ्याच कारणाने ठेवावी लागते. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडले. १७ फेब्रुवारीला हजारो भारतीय सैनिकांना फॅरर पार्कवर एकत्र आणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केले. त्याच सभेत कॅप्टन मोहनसिंग सैनिकांपुढे बोलण्यास उभे राहिले, आणि आझाद हिंद सेनेच्या उभारणीस तेथूनच आरंभ झाला. त्या वेळी तेथे शर्यती होत नव्हत्या. १९३३ सालीच घोडे शहराबाहेर बुकित तिमाह येथे गेले होते.

बुकित तिमाहचे हिरवे मैदान साठ-पासष्ट वर्षे गाजले. पण शहर वाढत वाढत त्याच्याही उंबरठ्याशी आले. तेव्हा १९९९ साली घोड्यांनी पुन्हा बिऱ्हाड हलवले, ते थेट बेटाच्या उत्तर टोकाला, क्रांजी येथे. तेथून मलेशियाचा किनारा हाकेच्या अंतरावर. ३०,००० माणसे मावतील असे प्रेक्षागृह तेथे उभे राहिले. आता येथून कोणी हलवणार नाही, असेच त्या वेळी सर्वांना वाटले असेल.

क्रांजीचे खरे वैभव शर्यतीच्या दिवशी दिसत नसे. ते दिसे पहाटे. विषुववृत्ताजवळच्या त्या बेटावर सूर्य वर आला की अंगाची लाही होते. म्हणून घोड्यांची रपेट उजाडण्यापूर्वीच सुरू होई. दिव्यांच्या उजेडात पागांची दारे उघडत. फुरफुरणारे, माना उडवणारे घोडे एकामागून एक बाहेर पडत. त्यांच्या अंगावरून निघणारी वाफ, ओल्या गवताचा वास आणि टापांचा तो घुमणारा नाद! शर्यत दोन मिनिटांत संपते. पण त्या दोन मिनिटांसाठी महिनेच्या महिने खरारा करावा लागतो, नाल बदलावे लागतात, पाय चोळावे लागतात, चंदीचे माप सांभाळावे लागते.

हे सारे जो करतो, त्याला मराठीत मोतद्दार म्हणतात. क्रांजीच्या पागांत त्याला ‘सईस’ म्हणत. हा शब्द ऐकून मराठी माणसाला नवल वाटेल, कारण तो त्याच्याही ओळखीचा आहे. अरबीतून तो हिंदुस्थानात आला, येथून इंग्रजांच्या तोंडी बसला आणि त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून मलायात जाऊन राहिला. घोड्याच्या मालकाचे नाव वर्तमानपत्रात येते, जॉकीचे छायाचित्र छापले जाते. सईसाचे नाव कोणी विचारीत नाही. पण घोडा अंधारातसुद्धा पावलांच्या आवाजावरून ओळखतो, तो त्यालाच.

अशाच हातांनी तयार झालेल्या ‘रॉकेट मॅन’ नावाच्या घोड्याने २०११ साली दुबईला जाऊन ‘गोल्डन शाहीन’ ही मानाची शर्यत जिंकली. ‘एल डोराडो’ ह्या घोड्याने तर सिंगापूरचा सुवर्णचषक २००८, २००९ आणि २०११ असा तीनदा पटकावला. एवढ्याशा बेटावरील घोडे जगात नाव काढतात, ह्याचा तेथील रसिकांना कोण अभिमान!

अर्थात ह्या खेळाची दुसरीही बाजू होती. शर्यतीबरोबर पैज येते, आणि पैजेच्या पाठोपाठ कर्ज. महिन्याचा पगार एका दुपारी घालवून रिकाम्या हातांनी घरी परतणारी माणसे जगातल्या प्रत्येक शर्यतीच्या मैदानाने पाहिली आहेत. क्रांजीनेही पाहिली असतील. ह्या मैदानासाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांनी हेही विसरता कामा नये.

पण मैदान बंद पडले, ते पैजेमुळे नव्हे. २०१० साली शर्यतीच्या दिवशी सरासरी ११,००० प्रेक्षक येत. २०१९ पर्यंत ते ६,००० वर आले. जुने रसिक म्हातारे झाले, तरुणांची पावले दुसरीकडे वळली. मग महामारी आली. ती ओसरल्यावर दारे पुन्हा उघडली, तेव्हा सरासरीने जेमतेम २,६०० माणसे परत आली. इकडे सिंगापूर म्हणजे बृहन्मुंबईहून थोडासाच मोठा देश. तेथे घर बांधावयाचे तर आधी जागा शोधावी लागते. समुद्रात भर घालूनसुद्धा ती पुरत नाही. आणि क्रांजीला १२४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३०० एकर जमीन घोड्यांसाठी राखलेली! ५ जून २०२३ रोजी घोषणा झाली : शर्यती बंद होतील आणि मार्च २०२७ पर्यंत जमीन सरकारला परत केली जाईल. तेथे माणसांसाठी घरे व्हावयाची होती. ज्यांना राहावयास घर हवे, त्यांना ‘घोड्यांसाठी थांबा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? भांडावे, तर समोर शत्रूच नाही, असे ते दुःख होते.

त्या वेळी पागांत सुमारे ७०० घोडे होते. काहींना मलेशियात नेण्याचे ठरले, काहींना विमानाने आणखी दूर. तरण्याबांड, वेगवान घोड्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. वय झालेल्याला कोण विचारतो? सईसांचेही तसेच. घोड्याला नवी पागा मिळाली, तरी ज्याने त्याला वर्षानुवर्षे खरारा केला, त्याला त्याच्याबरोबर थोडेच जाता येते?

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. सुवर्णचषकाची ती शंभरावी आणि अखेरची शर्यत. कित्येक दिवसांत झाली नव्हती अशी गर्दी त्या दिवशी लोटली. पिकल्या केसांची माणसे नातवंडांना खांद्यावर घेऊन आली होती. फाटक उघडले, घोडे सुटले, प्रेक्षागृह एकदम उभे राहिले. एकशे ऐंशीहून अधिक वर्षे चालत आलेला तो आवाज शेवटच्या वळणावरून पुढे आला, समोरून गेला आणि थांबला. पुष्कळजण तरीही जागचे हलले नाहीत. कोणी हातातील तिकीट नीट घडी करून खिशात ठेवले. ते जिंकले की हरले, हे पाहण्याचीही घाई कोणाला नव्हती.

पलीकडे पागांमध्ये मात्र नेहमीचीच लगबग चालू होती. घोड्यांची खोगिरे उतरली, अंगावर गार पाणी पडले, चंदी समोर आली. दुसऱ्या दिवशी शर्यत नव्हती, त्यानंतरच्या शनिवारीही नव्हती. पण पहाटे घोड्यांना भूक लागायचीच. सईस नेहमीच्या वेळी उठले.