गोधडी कुणी शिवली?

संग्रहालयात माणसं कशासमोर थांबतात, हे मी कामाच्या निमित्ताने नेहमी पाहते. तलवारींसमोर थांबतात, पैठणीसमोर थांबतात, नाण्यांच्या पेटीवर वाकून पाहतात. गोधडीशी आल्यावर मात्र बहुतेक जण ‘आमच्या आजीकडे अशीच होती’ म्हणतात आणि पुढे सरकतात. ओळखीची वस्तू पाहायचीच राहून जाते.

वस्त्रसंवर्धन हा माझा व्यवसाय. जुनी कापडं तपासायची, त्यांची नोंद करायची आणि ती आणखी काही पिढ्या टिकतील अशी ठेवायची. या कामात शेले, शालू आणि जरीपटके हाताळले, तशाच गोधड्याही. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. गोधडी ही पूर्ण विचाराने घडवलेली कलाकृती आहे आणि तिच्याशेजारच्या पाटीवर ती शिवणाऱ्या बाईचं नाव असायला हवं.

गोधडी तपासायला घेतली की मी आधी तिची कड पाहते. जिथे कड झिजलेली असते, तिथे आतले थर दिसतात. वर-खाली लुगड्याचं मऊ झालेलं कापड, मध्ये धोतराचे नाहीतर चादरीचे तुकडे, आणि पुष्कळदा आत आख्खी एक जुनी गोधडी. जुनी विरली की तिच्यावर नवा थर चढवून तीच पुढे वापरायची, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे एकाच गोधडीत दोन पिढ्यांचं काम सापडतं. आतले टाके सासूचे, बाहेरचे सुनेचे.

मग टाके. साधा धावदोरा, पण सगळं कसब त्याच्यात. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यायचं, की उभ्या ओळी घालायच्या, हे शिवणारी ठरवते. थर सरकू नयेत, कापड गोळा होऊ नये आणि पांघरूण अंगावर नीट पडावं, इतकं सगळं त्या टाक्याने साधायचं असतं. अंगणात कापड अंथरायचं, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवायचा आणि तीन-चार बायकांनी कडेने बसायचं, अशा गोधड्यांमध्ये हात बदललेला कळतो. एका बाजूचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दुसऱ्या बाजूचा त्याच्या दुप्पट. एकीचा दोरा ताणलेला, दुसरीचा सैल. नोंद करताना मी या जागा आराखड्यावर खुणा करून दाखवते. चित्रांचा अभ्यासक कुंचल्याचा हात ओळखतो, तसा इथे सुईचा हात ओळखता येतो.

रंगांची मांडणी पाहायला चार पावलं मागे जावं लागतं. हाताशी असतील त्या चिंध्या जोडल्या, असं आपण सहज म्हणून जातो. पण इरकलीचा लाल काठ नेमका चारी बाजूंनी सारखा फिरतो, गडद तुकडे मध्याला आणि फिके कडेला येतात, एखादा पिवळा तुकडा एकाच कोपऱ्यात बसतो आणि तिथे नजर ठरते. कापड किती आणि कोणतं मिळणार, हे तिच्या हातात नव्हतं. मिळालेलं कुठे बसवायचं, हे सर्वस्वी तिचं होतं.

गोधडीतलं कापड काळही सांगतं. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ मध्ये विल्यम पर्किनच्या जांभळ्या रंगाने झाली आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. आल या झाडापासूनचा लाल, निळीचा निळा आणि त्यानंतरचे झगझगीत गुलाबी-हिरवे हे तपासणीत वेगळे निघतात. हातमागाच्या लुगड्याशेजारी मुंबईच्या गिरणीचं कापड येतं. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे सातारा, कोल्हापूर आणि कोकणातली घरंच्या घरं गिरणगावाच्या पगारावर उभी राहिली आणि गिरणीचं कापड गावोगाव पोचलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळातल्या गोधड्यांत यंत्रमागाचं कापड आणि पॉलिस्टरच्या साड्या वाढत जातात. पॉलिस्टर घाम शोषत नाही, पण सहजी फाटतही नाही. त्या गोधड्या अंगाला कमी सुखावतात, पण जास्त टिकतात. घरात काय आलं, काय परवडलं आणि काय परवडेनासं झालं, याचा हा पुरावा कुठल्याही सरकारी दफ्तरात मिळणार नाही.

हे काम जगात इतरत्र कसं पाहिलं गेलं, तेही सांगते. कोलकात्याजवळ जोका इथे गुरुसदय संग्रहालय आहे. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने गावोगाव फिरून जमवलेल्या बंगाली लोककलेच्या वस्तू तिथे आहेत. त्यात मानदासुंदरी दासी या बाईने वडिलांसाठी केलेला कांथा आहे. जुन्या कापडाचे थर, साड्यांच्या काठातून काढलेले दोरे आणि त्यावर भरलेली माणसं, सैनिक, नाणी. महत्त्वाचं म्हणजे तिने आपलं नाव दोऱ्यानेच कापडावर लिहून ठेवलं. म्हणून आज आपण तिच्याविषयी बोलू शकतो.

आपल्याला आणखी जवळचं उदाहरण उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाचं. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांतले पुष्कळ जण पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटून हल्याळ, यल्लापूरच्या रानात वसले. घरात आजही कोकणी बोलतात. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे लावत मध्यावर येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर ‘फुला’ लावतात. घडी घातलेल्या कापडाच्या या त्रिकोणांवाचून कवंदी उघडी समजतात. उबेसाठी फुल्याची गरज नाही. काम पुरं झालं आणि सुंदर झालं, याची ती खूण आहे.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून त्याची माया मिळावी, असं तिने लेकीला सांगितलं होतं. या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात भिंतीवर लागल्या. प्रत्येकीखाली करणारीचं नाव होतं. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. चौकोनात चौकोन हीच तिथलीही एक आवडती रचना. ती पाहताना मला आपल्याकडच्या गोधड्या आठवतात आणि आपल्या पाट्यांवरचा मजकूरही आठवतो: ‘गोधडी. सुती. पश्चिम महाराष्ट्र.’

नावाने काय फरक पडतो, हे महाराष्ट्राने वारली चित्रांत पाहिलं आहे. लग्नाचा चौक लिहिणं हे सवासिनींचं काम होतं. त्यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी हे काम बाहेर आणलं, जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले आणि त्यांचं नाव जगभर झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्राकडे चित्र म्हणून पाहणं सुरू झालं, त्यात एका नावाचा मोठा वाटा आहे. गोधडीच्या वाट्याला अजून असं नाव आलेलं नाही.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात, तर रोजच्या वस्तूंमधली कला पाहायची सवय डोळ्यांना लागते. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली आणि अडकित्ते, वज्री, दिवे, वाद्यं, कोरीव दरवाजे असा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संसार उभा केला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव त्याला दिलं. राजवाड्यातल्या वस्तूंइतकाच मान स्वयंपाकघरातल्या वस्तूंना द्यायचा, ही दृष्टी त्यांनी आपल्याला दिली. वस्तू ज्यांच्या हातून घडली त्यांचा शोध घेणं, हे त्याच्या पुढचं पाऊल आहे.

संग्रहालयात गोधडी टिकवणं कष्टाचं आहे. प्रकाशाने कापडाची हानी होते, ती साठत जाते आणि भरून निघत नाही. म्हणून वस्त्रदालनात उजेड पन्नास लक्सच्या आसपास ठेवतात. दालन अंधारं वाटलं तर क्षणभर थांबा, डोळे सरावतील. गोधडी जड असते. खिळ्यांवर टांगली तर सगळा भार दोन बिंदूंवर येऊन ती तिथून फाटते, म्हणून वरच्या कडेला पूर्ण लांबीची पट्टी शिवून भार वाटून देतात किंवा तिला तिरक्या फळीवर आडवी ठेवतात. लोहाच्या साहाय्याने केलेला काळा रंग धागा खातो. त्यामुळे काळे तुकडे आधी भुगा होतात. काजळाचा डाग, तेलाचा डाग, बाळाच्या बाजूचा विरलेला भाग या सगळ्या वापराच्या खुणा आहेत. कापडाला धोका नसेल तर मी त्या तशाच ठेवते आणि नोंदीत लिहिते.

घरात जुनी गोधडी असेल तर तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. वर्षातून दोनदा घडी उलगडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर घडीवर धागे तुटतात. कडक उन्हात दिवसभर टाकू नका. सावलीत वारा द्या. वेखंड ठेवायचं तर कापडाच्या पुरचुंडीत, गोधडीला न लावता. पण सगळ्यांत आधी विचारून घ्या: कुणी शिवली, कधी, कुठल्या गावात, कुणाची लुगडी होती, सोबत कोण बसलं होतं. दिवाळीला घर भरलेलं असतं. ज्यांना हे माहीत आहे त्या मावशी, आत्या, आजी याच दिवसांत भेटतात. फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा.

संग्रहालयं कापडी वस्तूंच्या कोपऱ्यात मागच्या बाजूला सुती फीत दोन सैल टाक्यांनी शिवतात आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक लिहितात. कापडाला इजा न होता ती केव्हाही काढता येते. घरच्या गोधडीलाही अशीच फीत लावा आणि न उतरणाऱ्या शाईने शिवणारीचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. उद्या ती गोधडी तुमच्या तालुक्याच्या संग्रहालयाला द्याल, तेव्हा ही फीत काढू देऊ नका. पाटीवर तेच नाव यावं, असा आग्रह धरा. आम्ही संवर्धक तुमच्या बाजूने उभे राहू.