रुग्णाच्या नकळत

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. त्या मधल्या काळातली ही गोष्ट. एका व्यसनमुक्ती केंद्राचे गृहस्थ पत्रकाचा मजकूर घेऊन आमच्याकडे आले. आम्ही मराठीचे अध्यापक, तेव्हा शुद्धलेखन तपासून द्यावे, एवढीच त्यांची विनंती. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘पूड जेवणात मिसळा, रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, शंभर टक्के खात्री’ हे वाक्य मात्र तसेच राहू दिले. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते.

काही महिन्यांनी मूलकडच्या ओळखीच्या एक मावशी तेच पत्रक पदराच्या गाठीत बांधून आल्या. “सर, हे खरं आहे का जी? शेळी विकून पैसे भरू म्हणते.” केंद्रासाठी चिठ्ठी त्यांना गावच्या डॉक्टरांनी दिली होती. अशा प्रत्येक चिठ्ठीमागे डॉक्टरांची रक्कम ठरलेली असते, हे त्या गृहस्थांनीच पुढे आम्हाला हसत सांगितले.

‘नकळत’ या अव्ययाचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला. पूड द्यायची ती नवऱ्याच्या नकळत. दलाली घ्यायची ती बायकोच्या नकळत. डायसल्फिरामसारखे औषध घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित प्राणही जातो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे असते. रुग्ण पाठवल्याबद्दल मोबदला घेण्यास भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मनाई केली. या ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध आपल्या राज्यात २०१७ साली कायद्याचा मसुदाही झाला. चिठ्ठ्या मात्र लिहिल्या जातच होत्या.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे २०१६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावोगाव व्यसन उपचार शिबिरे घेतली. दारू सोडण्याची इच्छा असणाऱ्याने स्वतः यायचे, अशी त्यांची रीत. ‘मला सोडायची आहे’ हे वाक्य जाहिरातीच्या कामाचे नाही. त्यात कसलीच खात्री नाही. पण त्यात इच्छा रुग्णाची आहे. आमच्या पत्रकातल्या वाक्यात रुग्णाला तेवढेही स्थान नव्हते.

पत्रकातले खरे नाही, शेळी विकू नका, असे आम्ही मावशींना सांगितले. शिबिराची माहिती दिली. त्या पत्रकाचे ऱ्हस्व-दीर्घ कोणी सुधारले, हे मात्र आम्ही सांगितले नाही. तेही त्यांच्या नकळतच राहिले.