बनगरवाडीच्या अंगाला

सातारा म्हटलं की आमच्या पुण्यातल्या टीमला तीन गोष्टी माहीत आहेत: कास, ठोसेघर आणि कंदी पेढे. सप्टेंबर उजाडला की ग्रुपवर कासच्या बुकिंगची लिंक पडतेच. फुलं सुंदर असतात, वाद नाही. पण जिल्ह्याचा अर्धाच भाग पाहून आपण सातारा पाहिला असं म्हणतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवले की मागे उरतं ते आमच्या वाट्याला येतं. आमच्या म्हणजे माणदेशाच्या. माझं गाव आटपाडी तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. जिल्ह्याची रेघ मध्ये येते, दुष्काळ एकच.

या वेळी मला गावी जायचंच होतं. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. पाच एकर रानावर वारसांची नावं लागली: आज्जी, पप्पा, काका आणि आत्या. आता आत्याने हक्कसोडपत्रावर सही करायची, असं घरात ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे तिला कुणी विचारलं नव्हतं. पप्पा गलाईच्या धंद्यात, तिकडे केरळात. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘‘तू जाऊन ये, आत्याजवळ बस जरा.’’ सोमवारी आटपाडीला सही होती. मग म्हटलं, शनिवार-रविवार तरी आपल्या मनासारखा घालवू.

साताऱ्याला हायवे सोडून कोरेगाव, रहिमतपूर करत औंधला गेले. डोंगरावर यमाईचं मूळपीठ आणि त्याच डोंगरावर, देवळाच्या खाली, भवानी संग्रहालय. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये सुरू केलं. ७२ गावांचं छोटंसं संस्थान, आणि या माणसाने तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं जमवली, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आणलं. मुंबईच्या एखाद्या गॅलरीत यांच्यासमोर दोरी लावून गर्दी आवरावी लागली असती. मी गेले तेव्हा खोलीत मी आणि वर फिरणारा पंखा. राजा स्वतःही चित्रं काढायचा आणि सूर्यनमस्काराचा भलताच प्रचारक होता. १९३९ मध्ये त्याने गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून कारभार लोकांच्या हाती दिला. राजाने सत्ता सोडली, हे वाचताना माझ्या डोक्यात मात्र हक्कसोडच घोळत होतं. स्वतःहून सोडणं आणि सोडायला लावणं यांत फरक असतो, एवढं त्या पाटीपुढे उभी राहून मनात आलं.

औंध संस्थान नकाशावर सलग नव्हतंच. औंध, कुंडल, आटपाडी आणि थेट विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे तुकडे होते. म्हणूनच औंध पाहून आटपाडीकडे निघालं की आपण दुसऱ्या जिल्ह्यात जातोय असं वाटत नाही. वडूज, मायणी मागे पडलं की झाडं विरळ होतात, रान मोठं होतं. आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे, संस्थानाच्या काळात सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. आमच्याकडे कुणाला हे सांगितलं तर ‘‘व्हय, म्हाईत हाय’’ म्हणून पुढचा विषय निघतो.

गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर. माडगुळं आमच्याच तालुक्यात. त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर राजाराम नावाचा कोवळा मास्तर जातो, कारभाऱ्याच्या मदतीने शाळेत पोरं जमवतो, वाडीकडून तालीम बांधून घेतो. उद्‌घाटनाला खुद्द राजे येतात. सकाळी ज्यांचं संग्रहालय पाहिलं तेच हे राजे. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, वाडी जगायला निघून जाते. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये त्यावर चित्रपट केला, पटकथा माडगूळकरांचीच.

शनिवारी रात्री लॅपटॉप काकाच्या टीव्हीला जोडला. आज्जी, आत्या, काकू, मी. काका बाहेर फोनवर. पहिली दहा मिनिटं काकूला झोप येत होती. मग कारभारी पडद्यावर आला आणि आज्जी सरळ बसली. ‘‘ह्यो चंद्रकांत न्हवं? केवढा म्हातारा झालाय गं.’’ चंद्रकांत मांढरे तेव्हा ऐंशी पार केलेले होते. तिने त्यांना तरुणपणी तंबूत पाहिलेलं, देखणा नायक म्हणून. आता ते मुंडासं बांधून बसलेले, आणि आज्जीला ते आपल्या भावकीतलेच वाटत होते. मला वाटतं चित्रपटाचं अर्धं यश या एका निवडीत आहे.

कादंबरी मास्तर सांगतो. आपण त्याच्या डोळ्यांनी वाडी बघतो. चित्रपटात मास्तर स्वतःच दिसतो, आणि मग तो किती पोरसवदा, किती परका आहे ते लक्षात येतं. वाचताना मी कायम मास्तरच्या बाजूने होते. शिकलेली, बाहेरून येणारी, लोकांना काही सुधारून देऊ पाहणारी. पडद्यावर बघताना मात्र मी वाडीत बसून त्याच्याकडे बघत होते. बाजूला तिघी असल्याने तसं झालं असेल.

पुस्तकातला एक प्रसंग मी मध्येच सांगितला. शेकूकडे बैल एकच, दुसरा नाही, म्हणून त्याची बायको जू खांद्यावर घेते. मी जरा भारावून सांगत होते. आज्जी म्हणाली, ‘‘त्यात काय? बाहत्तरला बैलं व्हती कुठं? कोळपं मीच वडलंय की. दिवसभर खडी फोडायची, आन्‌ घरी आलं की...’’

‘‘मागं मी धरलेलं,’’ आत्या म्हणाली. ‘‘आठ वर्साची आसन.’’

मग कुणी काही बोललं नाही. टीव्हीवर मेंढरं चालली होती. काकूने उठून लाइट लावला आणि परत बंद केला.

माझ्या वयाच्या मुलींना वाटतं की मुलींचा वाटा ही २००५ च्या कायद्याची गोष्ट आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता, ज्यांची लग्नं आधी झाली त्यांना वगळून. आत्याचं लग्न ऐंशीच्या आसपासचं, म्हणजे ती २००५ नंतरच्या हिशेबात आली. कागदावर तिचा हक्क अगदी स्वच्छ आहे. पण कागदावर कोळपं दिसत नाही, आणि ज्याने इतकी वर्षं दुष्काळात रान सांभाळलं त्या काकाचे कष्टही दिसत नाहीत. तो वाईट माणूस नाही. पप्पा निघून गेले, मीही गेले, तो राहिला. बनगरवाडीतले सगळे जातात तिथे कादंबरी संपते. आमच्याकडे एक भाऊ मागे राहिला आणि भांडण तिथून सुरू होतं.

पूर्वी या पाच एकरांवर कुणी भांडलं नसतं. आता टेंभूचं पाणी आलंय. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवत इथवर आणलंय. तालुक्यात डाळिंबं आहेत, आता ऊसही दिसतो. ज्या पाण्यासाठी वाड्या उठल्या ते आलं आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला किंमत आली.

शेवटी वाडी ओस पडते तेव्हा आज्जी झोपली होती. आत्या जागी होती.

रविवारी सकाळी काकाने चहा पिता पिता विषय काढला. उद्या अकराला निघायचं, आधार कार्ड घे, दोन फोटो घे.

आत्याने बशी खाली ठेवली. ‘‘आदी मला पाणी दाव,’’ ती म्हणाली. ‘‘कुठवर आलंय ते. मी बगितलंच न्हाई अजून.’’

काकाने गाडी काढली. मी मागे बसले. रानाच्या वरच्या अंगाला, जुन्या विहिरीच्या पलीकडे ओढा आहे. माझ्या लहानपणी त्यात आम्ही क्रिकेट खेळायचो. आता बंधाऱ्याला पाणी अडलेलं होतं, कडेला गवत, दोन बगळे. आत्या चप्पल काढून कडेला गेली, वाकून पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. मग बांधावरून चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत आली. काका फोनमध्ये बघत असल्यासारखं करत होता.

‘‘हिरीकडचा तुकडा केवढा भरंल रं?’’ तिने विचारलं.

‘‘वीस गुंठं,’’ काका म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘एकवीस.’’

सोमवारी दहाला माझा स्टँडअप होता, म्हणून मी रात्रीच पुण्याला निघाले. मंगळवारी आत्याला फोन केला. ती विट्याला घरी पोचली होती. सही झाली का, विचारलं. ‘‘न्हाई अजून. तात्या म्हणतोय, मोजणी करू आदी.’’ मग म्हणाली, त्या मास्तराचं पुस्तक पाठव, नातीकडून वाचून घेते.